ओहोळ सरांची लाली

१२ ऑगस्ट, मंगळवार

डॉक्टरांनी लिहायला सांगितलं आहे. चेहरा कधी लाल होतो, किती वेळ राहतो, त्याआधी काय खाल्लं, पोट बिघडलं का. त्यांना द्यायचं ते मी वेगळ्या कागदावर उतरवीन. बाकीचं इथे.

डॉक्टर म्हणजे निकिता. राहुरीच्या शाळेत माझ्या वर्गात होती. आता नगरला हॉर्मोनच्या आजारांची डॉक्टर आहे. मी मराठीचा शिक्षक, गेल्या वर्षी निवृत्त झालेला. टेबलाच्या पलीकडे ती आणि अलीकडे मी, हे दोघांनाही जड जात होतं. मी खोलीत शिरलो तेव्हा ती अर्धवट उठली, मग आपण डॉक्टर आहोत हे आठवून बसली.

मे महिन्यापासून हे सुरू आहे. कपाळापासून छातीपर्यंत लाल. घाम नाही. काही मिनिटांत उतरतं. मग पोटात मुरडा येतो आणि पळावं लागतं. राहुरीच्या डॉक्टरांनी आधी ॲलर्जीची गोळी दिली, मग बीपीची, मग म्हणाले, ओहोळ सर, मन रमवा.

निकितानं एकही गोळी दिली नाही. त्यामुळे थोडी काळजी वाटली.

१७ ऑगस्ट, रविवार

चर्चमध्ये उपासनेला गेलो. पुरुषांच्या बाजूला तिसरा बाक. तिथून पेटी समोर दिसते. पेटी वाजवतात एंजेला साळवे. निवृत्त नर्स आहेत. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्यांचे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली. माझी कृपा जाऊन सहा.

दुसऱ्या गीताच्या तिसऱ्या कडव्याला सिस्टरांनी मान वर केली. त्याच वेळी माझा चेहरा पेटला. मी गीतपुस्तकात तोंड घातलं. मग पोट. बाजूच्या दारानं बाहेर पडलो. दारापर्यंत चालत गेलो. दारानंतर चालत नाही.

परत आलो तोवर शेवटचा आशीर्वाद झाला होता. अँड्र्यू पंडित पायरीवर उभा होता. मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, सेक्रेटरी. त्याला कशातही लक्ष न घालणं जमत नाही.

"सर, चार रविवार बघतोय," तो म्हणाला. "सिस्टर वर बघतात, तुम्ही लाल होता, तुम्ही पळता. सोळाव्या वर्षी ठीक आहे हो."

मी म्हणालो, पोटाचं आहे.

"हो, तिथूनच सुरू होतं."

नोंद: सव्वादहा. सहा मिनिटं. आधी पाव, चहा, उकडलेलं अंडं.

अँड्र्यू मूर्ख आहे. पण मूर्ख माणूस प्रत्येक वेळी चुकतोच असं नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

बुधवारी गायनाची तालीम असते. पुन्हा झालं. सिस्टर म्हणाल्या, ओहोळ सर, खालचा सूर जरा मोठ्यानं धरा. एवढंच. लाल.

घरी येऊन बसलो. मी आयुष्यभर मुलांना सांगितलं, पुराव्याशिवाय शब्द वापरू नका. आता पुरावे बरेच झाले आहेत. त्यामुळे जो शब्द आहे तो मनात वापरून पाहिला. इथे लिहीत नाही.

कृपाच्या फोटोकडे पाहिलं. ती हसायच्या बेतात आहे. नेहमीच होती, पण आज जरा जास्त.

२७ ऑगस्ट, बुधवार

निकितानं लघवीची तपासणी सांगितली आहे. पूर्ण एका दिवसाची साठवायची. तीन दिवस आधीपासून केळी, टोमॅटो, अननस, वांगी, अक्रोड बंद. अक्रोड मी तसेही कधी खाल्ले नव्हते. बंद झाल्यापासून खावेसे वाटतात.

लॅबनं पाच लिटरचा पांढरा कॅन दिला. तळाशी थोडं ॲसिड घातलेलं. थंड जागी ठेवा म्हणाले. माझा फ्रिज उन्हाळ्यातच गेला. कॅन बाहेरच्या ओट्यावर, पाण्याच्या बादलीत ठेवला.

काल सकाळी सुरुवात केली. आज सकाळी पूर्ण होईल.

तीच तारीख, नंतर

कॅन नाही. बादली आहे.

शेजारी गोरक्ष राहतो. दोन एकर, एक गाय आणि मोबाईल. मोबाईलवर बघून त्यानं रसायनं सोडली आणि जीवामृत करायला लागला. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन मोठ्या ड्रममध्ये घोळायचं आणि पिकाला सोडायचं. एका गाईचं पुरत नाही. म्हणून गल्लीत ज्यांच्याकडे गाई आहेत ते कॅन भरून ओट्यावर ठेवतात आणि गोरक्ष उजाडता मोटारसायकलवर गोळा करतो. पांढरे कॅन. पाच लिटरचे.

मी शेतात गेलो. तो काठीनं ड्रम ढवळत होता. विचारलं, माझ्या ओट्यावरचा कॅन पाहिला का.

"पाहिला म्हंजी? आनला की. म्हनलं, मास्तरबी लाइनीला लागले."

कुठे आहे?

"ह्यात. कवाच वतला." त्यानं ड्रमकडे हनुवटी केली. "पर मास्तर, गाय कुनाची ओ? लई निर्मळ माल हुता. वास म्हनशीला तर न्हाईच."

खरं सांगायला तोंड उघडलं. तो इतक्या आनंदात होता. मी म्हणालो, नगरची.

"जर्सी का देशी?"

"देशी," मी म्हणालो.

२ सप्टेंबर, मंगळवार

दुसरा कॅन. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: औषध, हात लावू नये. रात्री तो पलंगाखाली ठेवला. आज मांडीवर घेऊन एसटीनं नगरला नेला.

शेजारी एक बाई बसली होती, भागूबाई, देवळाली प्रवऱ्याची. तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं, सुनेचं सगळं सांगितलं. मग कॅनकडे बघून विचारलं, तूप हाय का. मी म्हणालो, नाही. मध हाय का. नाही. तिनं झाकणाजवळ नाक नेलं. मी कॅन दुसऱ्या मांडीवर घेतला.

"इकायचं नसंल तर नका इकू," ती म्हणाली, "पर लपवायचं काय त्यात."

विळदपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

तपासणी वाईट आली म्हणून पुण्याला स्कॅन केला होता. त्याचा निकाल आज. लहान आतड्यात चिंचोक्याएवढी गाठ. यकृतावर तीन ठिपके.

मी विचारलं, कॅन्सर का. निकिता म्हणाली, हो, पण सावकाश चालणारा. माणसं त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं राहतात. सर्जनचं मत घेऊ, पण आधी त्याची बडबड बंद करू. ती ही वाक्यं माझ्याकडे बघून बोलली. चांगलं बोलली. मी शिकवलेलं नव्हे.

मग तिनं सगळं समजावलं. गाठ सिरोटोनिन वगैरे द्रव्यं रक्तात सोडते. त्यानं चेहरा लाल होतो आणि पोट सुटतं. आपल्या शरीरातच सोमॅटोस्टॅटिन नावाचा एक हॉर्मोन असतो. बाकीचे हॉर्मोन काही ना काही सुरू करतात, हा बंद करतो. आतड्याला म्हणतो पुरे. स्वादुपिंडाला म्हणतो पुरे. वाढीला म्हणतो पुरे.

"तुम्हीच, सर," ती म्हणाली.

शाळेत मुलं मला पुरे सर म्हणत, हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नव्हतं, अशी माझी समजूत होती.

शरीरातला हा हॉर्मोन मिनिटांत विरून जातो. म्हणून त्याच्यासारखंच वागणारं पण महिनाभर टिकणारं इंजेक्शन बनवलं आहे. माझ्या गाठीवर त्या हॉर्मोनची कुलपं आहेत. स्कॅनमध्ये उजळली ती तीच. इंजेक्शन कुलपात किल्लीसारखं बसतं आणि गाठ गप्प होते. बऱ्याच जणांत वाढही मंदावते.

मी विचारलं, मनात काही आलं म्हणून चेहरा लाल होतो का.

होतो, ती म्हणाली. राग, आनंद, तिखट, दारू, दमणूक, कुठलंही निमित्त चालतं.

आणि मनात काहीच नसताना?

तसाही होतो.

म्हणजे माझे पुरावे बाद. ऑगस्टमध्ये मी ज्याला एक शब्द लावला ते सिरोटोनिन होतं. बरं झालं. एक गैरसमज वेळेत दूर झाला.

परतताना खिडकीशी बसलो. मुळेच्या पुलापर्यंत काही विचार केला नाही. पुलानंतरही नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

गैरसमज माझा दूर झाला, पण मंडळीत आहे तसाच आहे. त्याचा त्रास सिस्टरांना होत असणार. बाईमाणसाच्या नावाचा प्रश्न. खुलासा करणं माझं काम. म्हणून त्यांच्या घरी गेलो.

त्यांना आजाराचं अँड्र्यूकडून कळलं होतं. दारातच म्हणाल्या, रिपोर्ट आणलाय का. चष्मा लावून दोनदा वाचला. बोट यकृताच्या ओळीवर बराच वेळ होतं. मग म्हणाल्या, औषध चांगलं आहे, नीट वेळेवर घ्या. आवाज बसला होता. दोन दिवसांपासून हवा गार झाली आहे.

चहा ठेवते, म्हणाल्या आणि उठल्या. मी म्हणालो, आधी एक सांगायचं आहे. आणि क्रमानं सांगितलं. माझा चेहरा लाल होतो तो गाठीमुळे. तुमच्याकडे बघून होतो असं लोकांना वाटतं, त्यात तथ्य नाही. तुमचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. आता इंजेक्शनानं तोही थांबेल. तुम्ही निश्चिंत राहा.

त्या उभ्याच होत्या.

"बरं," त्या म्हणाल्या.

मी थोडा वेळ बसलो. चहा झाला नाही. गॅस संपला असावा.

३० सप्टेंबर, मंगळवार

पहिलं इंजेक्शन. मला वाटलं दंडात देतात. तिथे देत नाहीत. नर्स मुलगी माझ्याच शाळेची निघाली. ती म्हणाली, सर, कुशीवर व्हा. मी तिला विचारलं, कितवीला होतीस. ती म्हणाली, सर, बोलू नका, ढिलं सोडा.

उरलेला वेळ भिंतीवरचं हात धुण्याचं पत्रक वाचलं. त्यात तीन चुका होत्या.

१२ ऑक्टोबर, रविवार

औषध लागू पडलं. आज सगळी उपासना बसून काढली. चारही गीतं. चेहरा कागदासारखा. प्रवचनही पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं. विशेष नव्हतं.

मंडळीचा मात्र विरस झाला. दोघीतिघी मागे वळून पाहत होत्या आणि काहीच होत नव्हतं. अँड्र्यूनं हात हातात घेऊन विचारलं, "संपलं का, सर?" मी म्हणालो, हो, देवाच्या कृपेनं. तो फार वाईट वाटल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला.

सिस्टरांनी आज सगळी गीतं काळी एकऐवजी काळी तीनमधून, म्हणजे बऱ्याच वरच्या पट्टीत, वाजवली. मला एकही कडवं झेपलं नाही. मान त्यांनी एकदाही वर केली नाही. पेटीचे खालचे सूर बिघडले असावेत.

नोंद: लाली नाही. जुलाब नाही. परंतु पेटी सुरू झाल्यावर छातीत धडधड, तोंडाला कोरड. दोन्ही त्रास गीत संपेपर्यंत.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दुसरं इंजेक्शन. निकिताला धडधडीचं सांगितलं. ती गंभीर झाली. या आजारात हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. लगेच सोनोग्राफी केली. झडपा उत्तम.

मग म्हणाली, औषध महिनाभर पुरत नसेल तर तीन आठवड्यांनी देऊ. तसं लिहायलाही लागली. लिहिता लिहिता विचारलं, धडधड रोज होते?

मी म्हणालो, नाही. रविवारी. आणि बुधवारी संध्याकाळी.

"बुधवारी काय असतं?"

गायनाची तालीम.

"आणि एरवी? काल, सोमवारी?"

काल तेली गल्लीच्या कोपऱ्यावर झाली. पंधरा-वीस सेकंद. सिस्टर भाजी घेऊन जात होत्या. म्हणजे दमणूक नव्हती, मी उभाच होतो.

निकितानं पेन खाली ठेवलं. लिहिलेलं खोडलं.

मी विचारलं, का खोडलं.

"सर, हे गाठीचं नाही. याला सोमॅटोस्टॅटिन काही करत नाही."

मग हे कशाचं?

"ते तुम्ही आम्हाला आठवीत शिकवलंत."

आठवीला मी व्याकरण शिकवत होतो. बसमध्ये सगळा अभ्यासक्रम आठवून पाहिला. समास, प्रयोग, वृत्तं. वृत्तं असावीत. पण त्यांचा छातीशी काय संबंध?

मुळेच्या पुलावर कळलं: ऑगस्टमधला तोच शब्द. पुढच्या स्टॉपवर उतरायचं होतं, ते राहून गेलं. कोल्हारहून परत आलो.

२ नोव्हेंबर, रविवार

आज पिकांबद्दल उपकारस्तुतीचा सण. लोक शेतातलं काही ना काही आणून वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव होतो. पैसे मंडळीला.

गोरक्ष आमच्यातला नाही, पण दरवर्षी शेजारधर्म म्हणून काही देतो. यंदा त्यानं दुधी भोपळा दिला. एवढा भोपळा मी पाहिलेला नाही. दोन जणांनी उचलून आणला. गोरक्ष स्वतः लिलावाला हजर होता आणि सांगत होता, "औषीद न्हाई का खत न्हाई. निस्तं जीवामृत. आगस्टात येक ड्रम सोडला, तवापासनं वेल थांबंचना."

ऑगस्टचा ड्रम.

अँड्र्यूनं भोपळा पुकारला. पहिली बोली सिस्टरांची. मला दुसरा मार्ग दिसला नाही. मी वर बोललो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. आणि वर बोलल्या. मी आणखी वर. त्या आणखी वर. बाकीच्यांनी केव्हाच सोडलं होतं. पेरू आणि बाजरीची कणसं तशीच पडून होती आणि सगळी मंडळी गोल करून उभी होती. आजवर त्या आवारात भोपळ्यावर एवढी रक्कम कुणी लावलेली नाही.

मी म्हणालो, सिस्टर, सोडा. ऐका माझं.

"का सोडू?" त्या म्हणाल्या. "तुमचा काडीचाही संबंध नाही."

भोपळा त्यांना गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. का, ते कळलं नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

रात्री झोप नाही. सकाळी लवकर गेलो. त्या स्वयंपाकघरात होत्या, सुरी हातात, भोपळा ओट्यावर. मी उंबऱ्यातूनच म्हणालो, कापू नका.

सगळं सांगितलं. कॅन, बादली, गोरक्ष, नगरची देशी गाय.

सुरी त्यांनी खाली ठेवली. तोंड भिंतीकडे केलं. खांदे हलायला लागले. मी घाबरलो. पुढे गेलो तर त्या हसत होत्या. आवाज नव्हता. डोळ्यांतून पाणी. मध्येच थांबल्या, "देशी," असं म्हणाल्या, आणि पुन्हा सुरू. शेवटी ओट्याला टेकून खालीच बसल्या.

मी उभा होतो. कुणाला एवढं हसवलेलं मला आठवत नाही. धडधड: पूर्ण वेळ.

मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, आयुष्य वॉर्डात काढलंय, ओहोळ सर. चार थेंबांना कोण भितो. आणि भोपळा कापला. कोफ्ते केले. मला वाढले. मी खाल्ले. चांगले होते. माझं मत निःपक्षपाती नाही.

निघताना त्यांनी विचारलं, पुढचं इंजेक्शन वेळेला मिळालं नाही तर? आधीच आणून कुठे ठेवणार, तुमच्याकडे तर फ्रिज नाही. खरंच नाही. ठरलं की नगरहून आणून त्यांच्याकडे ठेवायचं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज तिसरं इंजेक्शन. सिस्टरांनी सकाळी डबा फ्रिजमधून काढून बर्फाच्या थर्मासात घालून दिला. म्हणाल्या, नगरला कशाला जाता, इथे मी आहे की. हेच काम केलंय सगळी नोकरी.

मी नको म्हणालो. का, विचारलं. मी म्हणालो, निकिताला भेटायचं आहे. खोटं. ते इंजेक्शन कुठे देतात हे त्यांना माहीत आहे आणि मलाही.

रस्त्यात उसाची डबल ट्रॉली आडवी झाली होती. बस जागेवर बंद. लोक उतरून ऊस खात होते. दुपार टळली. तोवर निकिताचा फोन आला की ती आठवडाभर परिषदेला निघते आहे आणि ती नर्सही रजेवर आहे. म्हणाली, सर, हे औषध द्यायला सरावाचा हात लागतो. मिसळून थांबलं की सुई बुजते, आणि डोस वाया. एंजेला सिस्टरांकडून घ्या.

मी म्हणालो, बघतो.

"सर," ती म्हणाली, "पुरे."

थर्मास सिस्टरांच्या दारात ठेवून, बेल वाजवून, परत आलो.

२६ नोव्हेंबर, बुधवार

तालमीला गेलो नाही. विचार करत होतो.

ऑगस्टमध्ये माझा चेहरा मंडळीला सगळं सांगत होता. मला सांगण्यासारखं काही आहे हे मलाच माहीत नव्हतं. आता सांगण्यासारखं आहे आणि चेहरा गप्प आहे. बोलायला मला जमत नाही. कृपालाही मी बोललो नव्हतो. तिच्या काकांनी विचारलं होतं आणि मी मान हलवली होती.

इंजेक्शन घेतलंच नाही तर? आठ-पंधरा दिवसांत लाली परत येईल. रविवारी, सगळ्यांसमोर, आपोआप. बोलायची गरजच नाही.

मग यकृतावरचे तीन ठिपके आठवले. त्यांना तेवढीच सवड मिळेल. आणि मला आता वेळ हवा आहे. ऑगस्टमध्ये एवढा नको होता.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी आरशापुढे होतो तेव्हा गाल किंचित तापले. औषधाचा जोर उतरतो आहे. लगेच निघालो. ही लाली त्यांच्या दारापर्यंत टिकली तर काम होईल, असा हिशेब केला. म्हणून भरभर चाललो. निघताना एक हिरवी मिरची खाल्ली.

दार उघडलं. मी तोंड लपवलं नाही. तसाच समोर उभा राहिलो, उजेडात. त्यांनी नीट पाहिलं.

"दोन दिवस उशीर केलात, दिसतंच आहे," त्या म्हणाल्या. "पोट कसंय?"

हे त्यांना मीच शिकवलं होतं, क्रमानं, सप्टेंबरमध्ये. त्या विसरल्या नव्हत्या.

डबा त्यांनी आधीच बाहेर काढून ठेवला होता. पलंगावर स्वच्छ चादर होती. मी पालथा झालो, करायचं ते केलं, तोंड उशीत घातलं. त्या म्हणाल्या, एवढ्यात नको, पावडर भिजायला थोडा वेळ लागतो, उठून बसा हवं तर. मी उठलो नाही. बसून मला बोलता आलं नसतं.

"सिस्टर."

"अजून टोचलं नाहीये."

"लालीचा तुमच्याशी संबंध नाही, असं मी म्हणालो होतो."

"म्हणालात."

"ते लालीबद्दल बरोबर होतं."

बाटली टेबलावर टेकल्याचा आवाज आला.

"लाली थांबली, पण बाकीचं थांबलं नाही. पेटी सुरू झाली की होतं. तुम्ही भाजी घेऊन चाललात तरी होतं. निकितानं झडपा तपासल्या. चांगल्या आहेत. गाठीला रविवार कळत नाही, सिस्टर. तो मला कळतो."

मी उशीतच पुढे म्हणालो, "रीतसर विचारतोय. पाद्रीसाहेबांना सांगून, चर्चमध्ये. राहायचं तुमच्या घरी. फ्रिज तुमच्याकडे आहे."

आणखी काही बोलणार होतो. मान वळवायला लागलो.

"अहो, हलू नका," त्या म्हणाल्या. "मिसळलंय."

सुई गेली. जाड असते. हळूहळू, एकसारखा दाब. नगरला इतकं सावकाश देत नाहीत. मग कापसाचा बोळा. तो त्यांनी पुष्कळ वेळ दाबून धरला. रक्त जास्त आलं असावं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता आणि माझा त्यांना.

"आज उजवी बाजू झाली," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात डावी. एकाच बाजूला द्यायचं नसतं. तुमच्या लक्षात राहायचं नाही, ते मी बघेन."

मी विचारलं, किती महिने.

"असतील तितके."

मी तसाच पडून राहिलो. थोड्या वेळानं त्यांनी सांगितलं की आता पायजमा वर घेतला तरी चालेल.